१३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आवडीची कादंबरी कशी शोधावी: क्रमवार पद्धत

"नववीतल्या मुलासाठी एखादी चांगली कादंबरी सुचवा ना." ग्रंथालयाच्या काउंटरवर, पुस्तक प्रदर्शनात, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो. उत्तरही ठरलेलं असतं: आपण लहानपणी जे वाचलं तेच. पुस्तक घरी येतं, दहा-वीस पानं वाचून होतात आणि मग ते टेबलावरून कपाटात जातं. "हल्लीची मुलं वाचतच नाहीत" असं म्हणून विषय संपतो. खरं तर मूल वाचायला तयार होतं. त्याची इयत्ता सगळ्यांना सांगितली गेली, आवड कुणी विचारलीच नाही.

दुसरी अडचण ग्रंथालयाच्या मांडणीची आहे. मराठी ग्रंथालयात एका बाजूला बालविभाग आणि दुसऱ्या बाजूला थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या असतात. मधल्या वयाचा कप्पा बहुतेक ठिकाणी नसतोच. या वयाला शोभणारी पुस्तकं मराठीत आहेत, पण ती बालविभाग, कादंबरी, अनुवादित, कथासंग्रह आणि विज्ञानकथा अशा निरनिराळ्या कपाटांत विखुरलेली आहेत. ती नशिबावर हवाला ठेवून सापडत नाहीत. त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो, आणि तो चुकला की मेहनत वाया जाते.

पुस्तक शोधण्याआधीची तयारी

दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी मुलाशी बोलून चार गोष्टी लिहून काढा. कागदावरच लिहा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्या लागतील.

- स्वतःहून, शेवटपर्यंत वाचलेली दोन-तीन पुस्तकं. भाषा कोणतीही चालेल, कॉमिक्सही चालेल.
- अर्धवट सोडलेलं निदान एक पुस्तक, आणि ते साधारण कुठे सोडलं.
- पुन्हा पुन्हा पाहिलेली एखादी मालिका किंवा सिनेमा.
- सध्या कशावर तासन् तास बोलतो किंवा बोलते: क्रिकेट, किल्ले, रॉकेट, मांजर, काहीही.

दुसरी नोंद सगळ्यांत मोलाची असते आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. मुलं सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला कचरतात, कारण त्यावरून बोलणी खाल्लेली असतात. म्हणून "का नाही पूर्ण केलंस?" असं विचारू नका. "कुठपर्यंत बरं वाटत होतं?" असं विचारा.

*सावधान:* शाळेने वाचायला लावलेलं पुस्तक पहिल्या यादीत धरू नका. ते मार्कांसाठी संपवलेलं असतं.

टप्पा १: आवडीचा विषय नको, आवडीची जागा विचारा

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे घाई करू नका. मूल सांगतं, "मला रहस्यकथा आवडतात." आपण लगेच रहस्यकथांच्या कपाटाकडे वळतो. पण रहस्य हा विषय झाला. त्या गोष्टीत मुलाला नेमकं काय धरून ठेवत होतं, ते यातून कळत नाही.

नववीतल्या एका मुलीचं उदाहरण पाहा. तिला रहस्य आवडतं म्हणून घरच्यांनी मोठ्यांच्या दोन गुप्तहेर कादंबऱ्या आणल्या. दोन्ही परत गेल्या. तिला आवडलेल्या पुस्तकातली लक्षात राहिलेली जागा विचारली. ती म्हणाली, "ते सगळे माडीवर अंधारात लपतात आणि एकाला हसू आवरत नाही, मग बाकीचे त्याचं तोंड दाबतात, ते." मग परत केलेल्या पुस्तकांत काय खटकलं ते विचारलं. "त्यात तो एकटाच फिरतो. सगळं त्यालाच कळतं. मी काय करू?" या मुलीला कोडं हवं होतं, पण ते सोडवताना सोबत हवी होती. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा तिला लागू पडल्या, कारण तिथे फेलूदाबरोबर गोष्ट सांगणारा लहान चुलतभाऊ तोपशे आहे आणि पुढच्या कथांत सारखी गडबड करणारे लेखक जटायूही आहेत. विषय तोच राहिला. बदलली ती गोष्टीतली माणसं.

म्हणून प्रत्येक आवडलेल्या पुस्तकाबद्दल एकच प्रश्न विचारा: "त्यातली कुठली जागा अजून आठवते?" उत्तर ऐकून ते यांपैकी कशाजवळ जातं ते लिहा:

- टोळी आणि सोबत: मित्र, भांडणं, एकमेकांसाठी धावून जाणं
- कोडं: पुरावे, अंदाज, शेवटी उलगडा
- वेग: पाठलाग, सुटका, पुढे काय होणार
- मन: कुणावर जीव जडणं, लाज, एकटेपणा, घरातले ताण
- जग: वेगळा काळ, वेगळं रान, वेगळा ग्रह, नियमच निराळे
- भीती: अंगावर काटा येणं

दोन उत्तरं एकत्र येणं स्वाभाविक आहे. पण त्यातलं एक मुख्य ठरवा. ती मुलाची मुख्य खूण, दुसरं उत्तर ही जोडखूण.

*तपासा:* "तुला टोळीच्या गोष्टी आवडतात, बरोबर?" असं मुलाला विचारा. "हो, म्हणजे..." म्हणून ते पुढे बोलू लागलं तर नेम बरोबर लागला. नुसतं "हं" आलं तर आणखी एका पुस्तकाबद्दल विचारा.

टप्पा २: वाचनाचा वेग आणि समज, दोन्ही वेगवेगळे तपासा

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत हा टप्पा टाळला तर पुढचं सगळं फसतं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हेच लागू आहे.

कुठल्याही मराठी कादंबरीचं मधलं एक पान घ्या. पहिलं पान नको, कारण सुरुवात लेखक सहसा सोपी करतो. मुलाला ते मनात वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. पान संपायच्या आत एका हाताची बोटं संपली तर ते पुस्तक आत्ता जड आहे. आता दुसरं पान तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा आणि काय घडलं ते विचारा.

ऐकून सगळं कळतं पण डोळ्यांनी वाचताना दमछाक होते, म्हणजे अडचण लिपीच्या सवयीची आहे, जोडाक्षरांची आहे. अशा मुलाला "लहान मुलांचं" पुस्तक देऊ नका, त्याला कमीपणा वाटतो. त्याच्याच वयाची गोष्ट द्या, पण प्रकरणं आखूड आणि टाइप मोठा असलेली. सुरुवातीची दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा. स्टोरीटेलसारख्या ऑडिओ अॅपवर ते पुस्तक असेल तर कानाने ऐकत डोळ्यांनी ओळी धरायला सांगा.

ऐकूनही कळत नसेल तर अडचण शब्दांची किंवा बोलीची आहे. मग भाषेत घोळवलेल्या कादंबऱ्या थोड्या पुढे ढकला आणि साध्या प्रमाण मराठीतली, संवाद जास्त असलेली कादंबरी घ्या.

टप्पा ३: आवडीप्रमाणे कपाट आणि पुस्तक निवडा

आता कागद हातात घेऊन ग्रंथालयात जा. खालची पुस्तकं सुरुवातीसाठी आहेत. सगळी आणायची नाहीत, आपल्या खुणेजवळची दोन किंवा तीनच काढा.

*टोळी आणि वेग.* भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, आजही चालतो, कारण गोष्ट पहिल्या पानापासून पळते. पुस्तकं सुटी वाचता येतात, क्रम पाळायची गरज नाही. मात्र १५-१६ वर्षांच्या मुलाला ती लहान वाटू शकतात, ११ ते १३ हे त्यांचं खरं वय. याच चवीचं अलीकडचं काही हवं असेल तर सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार, २०१९) आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (हाच पुरस्कार, २०२४) शोधा.

*कोडं.* फेलूदा कथांचे अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. या कथा राय यांनी मुळात 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी लिहायला घेतल्या होत्या. त्यामुळे रक्तपात बेताचा आणि विचार भरपूर. एक गोष्ट तर वेरूळच्या कैलास लेण्याभोवती घडते. सहलीला जाऊन आलेल्या मुलांना ती आधी द्या.

*मन.* हे कपाट सगळ्यांत समृद्ध आहे आणि पालक सर्वांत घाबरतात तेही इथेच. मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही आणीबाणीच्या काळातल्या, नववीतल्या मुकुंद जोशीची गोष्ट. त्यात मुलं आपसात बोलतात तशीच बोलतात, शिव्यांसकट. तुम्हाला शंका असेल तर आधी स्वतः वाचा, पण त्या शिव्यांपायी पुस्तक नाकारू नका. पहिलं प्रेम, शाळेतले अपमान आणि मित्रांची उठबस इतक्या खरेपणाने मराठीत फार कमी ठिकाणी आली आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन याहून कोवळा आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' हा त्याचा क्रम, आणि इथे क्रम पाळलाच पाहिजे, कारण मुलगा पुस्तकागणिक मोठा होतो. या कथा आहेत, सलग कादंबरी नाही, त्यामुळे दमादमाने वाचणाऱ्यालाही जमतात. भाषेला बेळगावकडचा हेल आहे. टप्पा २ मध्ये बोलीला अडणाऱ्या मुलाला पहिली कथा तुम्ही वाचून दाखवा, पुढे तो कान लावून घेतो. बहिणी-बहिणींचं घर, भांडणं, स्वप्नं असं हवं असेल तर शांता शेळके यांचा 'चौघीजणी' हा अनुवाद आहे. तो "मुलींचं पुस्तक" म्हणून बाजूला काढू नका.

*प्राणी, रान, गाव.* राम पटवर्धन यांनी अनुवादलेलं 'पाडस' ही फ्लोरिडाच्या रानातल्या ज्योडीची आणि त्याच्या हरणाच्या पाडसाची गोष्ट. अनुवाद इतका मुरलेला आहे की परकेपण जाणवत नाही. पण शेवट जड आहे. प्राण्याच्या दुःखाने फार हलणाऱ्या मुलाला आधी तसं सांगून ठेवा. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' छोटी आहे, वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेची आहे आणि निर्दयही आहे. १५च्या पुढे द्यावी. त्यांचीच 'बनगरवाडी' एका तरुण मास्तरच्या नजरेतून माणदेशी धनगरांची वस्ती दाखवते. शांत गोष्ट सोसणाऱ्या वाचकासाठी ती उत्तम. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' (२०१७चा अकादमी पुरस्कार) धरणाखाली जाणाऱ्या गावातलं बालपण सांगतं. मोठ्या शहरात वाढलेल्या मुलांनी ते जरूर वाचावं असं मला मनापासून वाटतं.

*विज्ञान आणि वेगळं जग.* जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' बुद्धिमान यंत्रमानवाची कादंबरी आहे. आज चॅटबॉट वापरणाऱ्या मुलाच्या हातात ती दिली की प्रश्न आपोआप सुरू होतात. कादंबरी मोठी वाटत असेल तर आधी 'यक्षांची देणगी' या संग्रहातल्या कथा. जादूची, मोठ्या कल्पित विश्वाची मालिका मात्र मूळ मराठीत फारशी मिळत नाही. तिथे अनुवादाकडेच जावं लागतं. मंजुल प्रकाशनाने काढलेली 'हॅरी पॉटर आणि परीस'पासूनची मालिका आहेच. मुलाने ती इंग्रजीत वाचली असेल तर तीच मराठीत देण्याचा एक मोठा फायदा असतो: गोष्ट माहीत असल्याने अडलेले शब्द आपोआप उलगडतात.

*भीती.* नारायण धारपांच्या 'समर्थ' कथांपासून सुरुवात करा. तिथे दुष्ट शक्तीला तोंड देणारा भक्कम माणूस आहे, त्यामुळे भीतीला आधार मिळतो. त्यांच्या इतर भयकादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यानंतर. मतकरींच्या कथेचा शेवट बऱ्याचदा सुटका देत नाही.

*इतिहास.* 'मृत्युंजय' किंवा 'श्रीमान योगी'सारखे ठोकळे आधी देऊ नका. गड-किल्ले फिरणाऱ्या मुलाला गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या द्या: 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा'. सामान्य शिपाई-गडी यांच्या डोळ्यांनी तो काळ दिसतो. त्यानंतर रणजित देसाईंची 'स्वामी'.

*सावधान:* पुरस्काराच्या याद्या उपयोगी आहेत, पण बालसाहित्य पुरस्कार कादंबरीलाच मिळतो असं नाही, कवितासंग्रहालाही मिळतो. शिवाय वयही एकसारखं नसतं. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) दहा-अकरा वर्षांच्या वाचकाला जास्त जवळची. पुरस्कार पाहिला की प्रकार आणि वय दोन्ही तपासा.

टप्पा ४: घ्यायच्या आधी प्रत तपासा

पुस्तक बरोबर आणि प्रत चुकीची, हे वरचेवर घडतं. पाच मिनिटं लागतात, पण ती द्याच.

१. मुखपृष्ठाच्या आत "अनुवाद", "रूपांतर", "संक्षिप्त" यांपैकी काय छापलंय ते पाहा. जगप्रसिद्ध कादंबऱ्यांच्या स्वस्त मराठी प्रती कित्येकदा संक्षिप्त असतात. मूळ पुस्तक चारशे पानांचं आणि हातातलं शंभराचं असेल तर तो सारांश आहे. गोष्टीचा सांगाडा उरतो, आवडीची जागा गळून जाते. रूपांतरात गावं-माणसं मराठी केलेली असतात. ते वाईट नाही, पण ज्याला परका देशच हवाय त्याचा हिरमोड होतो.

२. मालिका असेल तर हातात कितवा भाग आहे? पुढच्या भागाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरात आधीच्या भागातलं रहस्य फोडलेलं असतं.

३. टाइप. जुन्या आवृत्त्यांचा बारीक आणि फिकट टाइप मोठ्यांनाही थकवतो. नवी आवृत्ती निघाली आहे का ते ग्रंथपालांना विचारा.

४. मधली दोन पानं वाचा. बुकगंगासारख्या साइटवर पुष्कळ पुस्तकांची काही पानं चाळता येतात. संवाद आहेत का? परिच्छेद पानभर लांब आहेत का? टप्पा २ मधल्या नोंदीशी ताडून पाहा.

ऑनलाइन शोधताना नुसतं "मुलांची पुस्तके" टाकलंत तर चित्रांची पुस्तकं समोर येतात. "किशोर कादंबरी", "कुमार कादंबरी", "बालकादंबरी" असे तिन्ही शब्द वेगवेगळे टाकून पाहा. प्रकाशक एकच नाव वापरत नाहीत. आणि पुस्तकाआधी लेखकाची चव पाहायची असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचायला ठेवलेले आहेत. त्यातली एखादी कथा मुलाला आवडली तर त्या लेखकाचं नाव कागदावर चढवा. 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंकही याच कामाला येतो.

टप्पा ५: हातात देण्याची रीत

एकच पुस्तक देऊ नका. दोन किंवा तीन द्या आणि निवड मुलाला करू द्या. त्यातलं एक मुख्य खुणेचं, दुसरं जोडखुणेचं. तिसरं हवं असेल तर अगदी छोटं. मुलाने उचललेलं पुस्तक तुमच्या पहिल्या पसंतीचं नसेल तरी काही बोलू नका.

"हे वाचलंस की तुझं मराठी सुधारेल" हे वाक्य त्या दिवशी उच्चारू नका. त्या एका वाक्याने गोष्टीचा अभ्यास होतो. त्याऐवजी एखादा प्रसंग सांगा, उत्कंठेवर आणून सोडा.

पस्तीस-चाळीस पानांची मुभा आधीच कबूल करा: तेवढी वाचून नाही आवडलं तर परत, कुणी रागावणार नाही. ही मुभा खरी हवी. दुसऱ्याच दिवशी "कितवं पान?" म्हणून विचारलंत तर ती मोडली असं मूल समजतं.

*तपासा:* आठवड्याभराने पुस्तकात घातलेली वाचनखूण कितव्या पानावर आहे ते गुपचूप पाहा. चाळीसच्या पुढे असेल तर गप्प राहा. दहावर अडकली असेल तर पुढचा टप्पा.

टप्पा ६: सोडलं तर काय, संपवलं तर काय

सोडलेलं पुस्तक ही नोंद आहे, तिचा उपयोग करा. कागदावर लिहा: कुठे सोडलं, आणि तिथे काय चाललं होतं. लांब वर्णनापाशी सोडलं असेल तर संवादप्रधान पुस्तक. नवीन पात्रांची गर्दी झाली तिथे सोडलं असेल तर एका निवेदकाची, 'मी'ने सांगितलेली गोष्ट. काही घडतच नाही म्हणून सोडलं असेल तर वेगाच्या खुणेकडे वळा. शब्दांना अडून सोडलं असेल तर आवड बरोबर होती, टप्पा २ चुकला होता. तेच पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा समोर ठेवा.

संपवलं तर उत्साहाच्या भरात त्याच लेखकाची सगळी पुस्तकं विकत आणू नका. एक आणा. तेही संपलं तर तीच खूण पण वेगळं कपाट घ्या: फेलूदानंतर टोळीचीच पण प्राण्यांची, लंपननंतर मनाचीच पण अनुवादित. असं केलं की मूल एका लेखकापाशी अडकत नाही आणि मालिका संपली की वाचनही संपलं असं होत नाही.

ग्रंथालयाचं सभासदत्व मुलाच्या नावाने काढा, तुमच्या खात्यावर आणून देऊ नका. काही ठिकाणी बालविभागाच्या सभासदाला मोठ्यांच्या कपाटातली पुस्तकं देत नाहीत. वय विचारून घ्या, आणि गरज पडली तर ग्रंथपालांना 'शाळा' किंवा 'बनगरवाडी' कशासाठी हवी आहे ते समजावून सांगा. कागद मात्र मुलाकडेच राहू द्या. पुढच्या वेळी कपाटासमोर तोच उभा राहणार आहे.